आंबा धूसर, आप्पा स्पष्ट

आमच्या देवगडकडे माणूस घरात कुठपर्यंत येतो, त्यावरून तो कोण ते कळतं. मासळीवाली खळ्यात, म्हणजे अंगणात, टोपली उतरवते, आंब्याचा व्यापारी पडवीतल्या बाकड्यावर टेकतो आणि माजघरात जातात ते फक्त घरचे. व्हिडिओ मीटिंग आली आणि हा सगळा शिष्टाचार रेंजच्या हाती गेला. आमच्याकडे रेंज मिळते ती नेमकी माजघराच्या खिडकीत. त्यामुळे वाशीचा दलाल, पुण्याचा खोकेवाला आणि दुबईचा खरेदीदार असे सगळे एकदम देव्हाऱ्यासमोर. आईने दबक्या आवाजात विचारलं, "त्येंका आपलो देव दिसता काय रे?"

मग मागचं धूसर करायची सोय सापडली. त्या सॉफ्टवेअरला माणसाची आकृती तेवढी ओळखता येते. बाकी जे काही असेल ते त्याच्या लेखी पार्श्वभूमी. देव्हारा पुसट झाला, आई निवांत झाली. पण आप्पांनी, म्हणजे माझ्या काकांनी, देठासकट हापूस उचलून कॅमेऱ्यासमोर धरला, तर तोही पार्श्वभूमीत जमा! आप्पांच्या कपाळावरच्या आठ्या लख्ख, आणि हातात एक पिवळसर ढग. ज्याच्यासाठी सगळे जमले होते, तेवढंच कुणाला दिसेना.

आवाजाचंही तेच. एकसारखा येणारा आवाज हे सॉफ्टवेअर गोंगाट समजून गाळतं आणि माणसाचा आवाज जपून पुढे पाठवतं. पत्र्यावरचा पाऊस दुबईला ऐकू जात नाही. शेजारच्या घरातलं कुंपणावरचं भांडण मात्र शिव्यांसकट पोचतं.

भाव ठरवण्याची जुनी रीत याच्या अगदी उलट. बाजारात दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला काही कळायचं नाही. मीटिंगमध्ये एकट्यालाच संदेश पाठवायची सोय म्हणजे तोच रुमाल, फक्त कधी सरकेल याचा नेम नाही. वाशीच्या दलालाने दुबईवाल्यासाठी लिहिलेलं "म्हातारा अजून उतरेल" हे वाक्य एकदा सगळ्यांना गेलं. आप्पा चष्मा वर करून ते सावकाश वाचत होते, आणि मला दलालाची दया येत होती.

पण या सगळ्यात मला खरी मौज वाटते ती गप्प बसण्याची. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण २०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, असं वेगवेगळ्या भाषा तपासणाऱ्यांना आढळलं आहे. डोळा मिटायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. इंटरनेटवरून आवाज पोचायला जो उशीर होतो, तो याच अंतरात घुसतो. म्हणून दोघं एकदम बोलू लागतात, एकदम थांबतात आणि "तुम्ही बोला", "नाही, तुम्ही बोला" सुरू होतं. आप्पांचं अंतर तर पहिल्यापासूनच निराळं. भाव ऐकला की ते सुपारी काढणार, अडकित्ता चालवणार, बाहेर आंब्याच्या कलमांकडे बघणार आणि मग बोलणार. पडवीत बसलेल्या व्यापाऱ्याला याचा अर्थ बरोबर कळायचा. पडद्यावर मात्र गोंधळ. "आप्पा, आवाज येतोय का? म्यूटवर आहात बहुतेक." आप्पा ढिम्म. खरेदीदाराला वाटलं, भाव ऐकून म्हातारा रागावला. त्याने आपण होऊन पेटीमागे पैसे वाढवले. तेव्हापासून आप्पा भाव ऐकला की मुद्दाम हलत नाहीत. चित्र अडकलंय की माणूस, ते समोरच्याने ठरवावं.

पडद्यावर भागत नाही असंही काही आहे. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर इथेच विकिरण प्रक्रिया, म्हणजे कीड तिकडे जाऊ नये म्हणून किरणांचा मारा, करावी लागते, आणि त्या वेळी अमेरिकेचा निरीक्षक स्वतः हजर लागतो. करोनाच्या प्रवासबंदीत तो येऊ शकला नाही, म्हणून २०२० आणि २०२१ या दोन्ही हंगामांत तिकडची निर्यात बंद राहिली. ती २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. बंदीच्या त्या काळात जगभरच्या कचेऱ्या मात्र पडद्यावर चालत होत्या. आप्पांनी हे ऐकून एवढंच म्हटलं, "मगे! आंबो काय फोटोत पिकता?"

मला मात्र मीटिंगचा शेवट अजून जमत नाही. आमच्याकडे "येतंय हां" म्हटल्यावर माणूस पडवीत उभा राहतो, मग खळ्यात थांबतो, मग बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, आणि खरं काम निघतं ते बेड्यापाशी. इथे एक लाल बटण दाबलं की सगळे गायब. आप्पांनी त्यावर तोड काढली आहे. पडदा काळा झाला रे झाला की ते खिशातला साधा फोन काढतात आणि खळ्यात जाऊन त्याच खरेदीदाराला लावतात. "हां, आता बोला. पाऊस काय म्हणता तुमच्याकडे?" दुबईत कसला पाऊस! पण तोही आता सरावलाय. आधी उन्हाचं सांगतो, मग भावाचं.