हद्दीबाहेरचे घर आणि बंबाची वर्गणी

ॲरिझोनातील स्कॉट्सडेल शहराच्या उत्तर सीमेपलीकडे, रिओ व्हर्दे फूटहिल्स या विरळ वस्तीच्या भागात घर घ्यायचे आम्ही ठरवले, तेव्हा विमा एजंटाने छताचे वय किंवा बांधकामाचा प्रकार विचारण्याआधी दोन अंतरे विचारली: सर्वांत जवळचे अग्निशमन केंद्र रस्त्याने किती मैलांवर आहे आणि हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) किती फुटांवर आहे. अमेरिकेतील बऱ्याच विमा कंपन्या आयएसओ या जोखीम मोजणाऱ्या संस्थेची आगीपासूनच्या संरक्षणाची 1 ते 10 अशी प्रतवारी पाहतात. 1 म्हणजे उत्कृष्ट संरक्षण, 10 म्हणजे मान्य करण्याजोगे संरक्षणच नाही. केंद्र पाच मैलांच्या आत आणि हायड्रंट 1,000 फुटांच्या आत असला तर घर वरच्या प्रतीत बसते. केंद्राचे अंतर आमच्या बाबतीत ठीक होते, पण हायड्रंटचा प्रश्नच नव्हता, कारण त्या भागातील अनेक घरांपर्यंत पाण्याची वाहिनीच गेलेली नाही. कोणाची विहीर आहे, तर कोणाकडे टँकर येतो. 1 जानेवारी 2023 पासून स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेर टँकरने पाणी नेण्यास बंदी केली आणि ही वस्ती देशभरच्या बातम्यांत आली, ती यामुळेच.

पत्त्यात ‘स्कॉट्सडेल’ असले तरी ती टपालाची सोय आहे. काऊंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या) मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या असेसर कार्यालयाच्या नकाशावर आमचा भूखंड शहराच्या रेषेबाहेर पडतो, म्हणजे शहराचा कर नाही आणि शहराचे अग्निशमन दलही नाही. वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावी कडब्याच्या गंजीला आग लागली की तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब येत असे. उशिरा येई, पण कोणाच्या हद्दीतील गंजी आहे किंवा मालकाने पैसे भरले आहेत का, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. येथे ते आधीच विचारून ठेवावे लागते. ॲरिझोनात साधारणपणे तीन व्यवस्था आढळतात: शहराचे स्वतःचे दल, रहिवाशांनी मालमत्ता करातून चालवलेला अग्निशमन जिल्हा आणि या दोन्हींत न बसणाऱ्यांसाठी वार्षिक वर्गणी घेणारी खासगी कंपनी. आमच्या वाट्याला तिसरी व्यवस्था आली.

ही वर्गणीची पद्धत या परिसरातच रुजली. शहराबाहेरचे एक घर शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेले, तेव्हा लू विट्झमन या पत्रकाराने एक बंब विकत घेतला, शेजारपाजाऱ्यांकडून वर्गणी गोळा केली आणि 1948 साली रूरल मेट्रो ही कंपनी सुरू केली. पुढे अनेक दशके खुद्द स्कॉट्सडेल शहर याच कंपनीकडून सेवा घेत होते. शहराचे स्वतःचे दल 2005 च्या जुलैत उभे राहिले. शहराने 1985 साली नव्या घरांत आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर बसवणे सक्तीचे करणारा नियम केला, तोही खासगी सेवेच्या त्या काळातच. आमचे घर रेषेबाहेरचे असल्यामुळे त्याच्या छतात स्प्रिंकलर नव्हते.

वर्गणी घराच्या क्षेत्रफळावर ठरते आणि अर्ज भरणे हा या प्रक्रियेतील सर्वांत सोपा भाग आहे. वर्गणी न भरलेल्याच्या घरी आग लागली तरी बंब येतो, मात्र नंतर प्रत्येक वाहन आणि प्रत्येक जवान यांचे तासांच्या हिशेबाने बिल येते. 2013 साली फीनिक्सच्या वायव्येकडील सरप्राइझ भागात वर्गणीदार नसलेल्या एका कुटुंबाला असे जवळपास वीस हजार डॉलरचे बिल आल्याची बातमी बरीच गाजली होती. त्यामुळे घराचा ताबा मिळण्याच्या दिवसापासूनच वर्गणी लागू होईल, अशी तारीख मी अर्जात मुद्दाम लिहून घेतली.

त्यानंतर मी केंद्रावर गेले. अमेरिकेतील अग्निशमन केंद्रांत जवान कामगिरीवर नसतील तर नागरिकांना सहसा आनंदाने आत घेतात, आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे करावे असे माझे मत आहे, कारण वाळवंटातील आगीचा खरा हिशेब कागदावर दिसत नाही. तेथील कॅप्टनने मला पंप असलेल्या मुख्य बंबाजवळ नेऊन सांगितले की त्याचा पंप मिनिटाला 1,500 गॅलन पाणी फेकू शकतो, परंतु टाकीत पाणी असते केवळ 500 गॅलन, म्हणजे सुमारे 1,900 लिटर. घरात शिरताना वापरण्याचा एक होज, म्हणजे पाण्याची लवचीक नळी, मिनिटाला साधारण 150 गॅलन पाणी घेतो. म्हणजे हायड्रंट नसेल तर एका होजला जेमतेम सव्वातीन मिनिटे पुरेल एवढेच पाणी बंब स्वतःबरोबर आणतो. शहरात या अवधीत दुसरा जवान हायड्रंटला होज जोडून मोकळा होतो. आमच्याकडे मागून पाण्याचा टँकर यावा लागतो, त्याने अंगणात उलगडलेल्या ताडपत्रीच्या हौदात पाणी ओतावे लागते आणि टँकर पुन्हा भरून आणण्यासाठी परत जावे लागते. हौद रिकामा होण्याआधी दुसरा टँकर पोहोचला तरच होजमधील धार टिकते. शिवाय फीनिक्स परिसरातील शहरांनी आपसांत केलेल्या करारानुसार शहराची सीमा न पाहता सर्वांत जवळचे वाहन पाठवले जाते. ही व्यवस्था उत्तम आहे, पण हद्दीबाहेरच्या वस्तीला ती आपोआप लागू होत नाही.

या संभाषणानंतर आमची खर्चाची यादी बदलली. स्वयंपाकघराचे नूतनीकरण मागे पडले आणि 5,000 गॅलनची साठवण टाकी पुढे आली. तिला अडीच इंची जोडणी बसवून घेतली, तीही अग्निशमन दलाच्या होजचे आटे जुळतील अशीच. बागेच्या नळाचे आटे बंबाच्या काही उपयोगाचे नसतात. टाकीचा निम्मा भाग घरातील वापरासाठी उपसलाच जाणार नाही, अशा उंचीवर घरगुती नळ काढला. बंबाला आत येण्यासाठी वीस फूट रुंद आणि साडेतेरा फूट उंचीपर्यंत मोकळा रस्ता लागतो, आणि रस्ता दीडशे फुटांहून लांब असून पुढे बंद होत असेल तर वाहन वळवण्यास जागा लागते. आमच्या फाटकाची रुंदी कमी भरली. ते बदलले, त्यावर दलाच्या किल्लीने उघडणारे कुलूप बसवले आणि रात्री चमकणारा घर क्रमांक रस्त्याच्या कडेला लावला.

झाडोऱ्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. घराभोवती तीस फुटांचा पट्टा मोकळा ठेवावा असे सांगितले जाते, पण साग्वारो या उंच निवडुंगासारख्या स्थानिक वनस्पती कायद्याने संरक्षित असल्यामुळे त्या हलवण्याआधी राज्याच्या कृषी विभागाला कळवावे लागते. खरा शत्रू साग्वारो नसून त्याच्या पायाशी वाढणारे परदेशी गवत आहे. सोनोरन वाळवंटात झुडपांमध्ये मूळची उघडी जमीन असते, त्यामुळे आग पसरत नसे. लाल ब्रोम आणि बफेल गवताने ती मोकळी जागा भरून काढली. 2004-05 चा हिवाळा ओला गेला, गवत माजले, ते उन्हाळ्यात वाळले आणि जून 2005 मध्ये केव्ह क्रीक परिसरातील आगीने जवळपास अडीच लाख एकर प्रदेश व्यापला. 2020 साली एका वाहनामुळे लागलेल्या ‘बुश फायर’ नावाच्या आगीत 1 लाख 93 हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. म्हणून आम्ही साग्वारो आणि पालो व्हर्देची झाडे जागेवर ठेवली आणि गवत मात्र मुळासकट उपटले. पावसाळी हिवाळ्यानंतर हे काम पुन्हा करावे लागते.

बचावकार्याची विभागणीही याच निमित्ताने समजली. डोंगरात हरवलेल्याचा शोध घेण्याची जबाबदारी काऊंटीच्या शेरीफची, म्हणजे पोलीसप्रमुखाची, असते. रुग्णवाहिकेचे बिल अग्निशमनाच्या वर्गणीपेक्षा वेगळे येते. पावसाळ्यात कोरडा ओढा क्षणात भरून वाहतो, आणि रस्त्यावरील अडथळे ओलांडून गाडी पाण्यात घालणाऱ्याकडून सुटकेचा खर्च वसूल करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात 1995 पासून आहे; लोक तिला उघडपणे मूर्ख वाहनचालकांचा कायदा म्हणतात, आणि मला ते नाव योग्य वाटते. आमच्याकडे येण्याच्या वाटेवर असे दोन ओढे आहेत. पाणी असताना बंबालाही तेथून येता येत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूचा कच्चा रस्ता मी केंद्राला नकाशावर दाखवून ठेवला आहे. अंगणात खुळखुळ्या साप निघाला तर वर्गणीदाराकडे येऊन तो हलवण्याचे कामही जवान करतात, ही माहिती मात्र माझ्या सासूबाईंना सर्वांत महत्त्वाची वाटली.

टाकीची छायाचित्रे, वर्गणीची पावती आणि केंद्रापर्यंतचे मोजलेले अंतर जोडल्यावर विमा मिळाला. हायड्रंट नसल्यामुळे हप्ता शहरातील घरापेक्षा जास्तच राहिला, परंतु नकार आला नाही. सध्या शेजाऱ्यांमध्ये स्वतंत्र अग्निशमन जिल्हा काढण्याची चर्चा आहे. त्यासाठी निम्म्याहून अधिक मालमत्ताधारकांच्या सह्या आणि काऊंटीच्या पर्यवेक्षक मंडळापुढे सुनावणी लागते, आणि कर वाढेल म्हणून अनेकांचा विरोध आहे. अर्ज माझ्या दारी आला तर मी सही करणार आहे, कारण वर्गणी भरणारी घरे जितकी कमी, तितके त्या केंद्रावरचे जवान आणि टँकर कमी, आणि माझ्या एकटीच्या पावतीने तिसरा टँकर उभा राहत नाही.