षटकोनांचा पलंगपोस : प्रवासातले काम आणि घरचे काम

क्रोशाच्या षटकोनी तुकड्यांचा जो पलंगपोस मी विणते आहे, त्याचा मधला पट्टा या आठवड्यात जोडून पूर्ण झाला. तेव्हा आतापर्यंतचे काम कसे होत गेले, याची सविस्तर नोंद येथे करत आहे. पलंगपोस एकेरी पलंगाचा, सुमारे १५० सेंमी रुंद आणि २२५ सेंमी लांब असा ठरवला आहे. दोरा चार पदरी सुती, सुई २.५ मिमीची आणि रंग तीन : मोतिया, गर्द निळा आणि हळदी. एका षटकोनाच्या समोरासमोरच्या कडांमधले अंतर साधारण ८ सेंमी भरते, म्हणजे एकूण षटकोन ६०० च्या घरात लागतील. यातले बहुतेक षटकोन घराबाहेर तयार झाले आहेत : लोकलमध्ये, कोकण रेल्वेत, दवाखान्याच्या बाकावर, सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीची वाट पाहताना. जोडकाम मात्र सगळे घरी झाले. ही विभागणी जमली म्हणूनच काम इतके पुढे आले, असे माझे ठाम मत आहे.

नमुना मुद्दाम असा निवडला की कागद न पाहता विणता यावा. सहा साखळ्यांचे कडे करून पहिल्या फेरीत १२ खांब, म्हणजे सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन विणलेले उंच टाके, घालायचे. फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या म्हणजे पहिला खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर २, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीपासून वाढ फक्त कोपऱ्यांवर करायची : कोपऱ्याच्या एका खांबावर ३ खांब घातले की तेथे २ वाढतात, आणि सहा कोपऱ्यांचे मिळून १२ होतात. अशा रीतीने तिसरी फेरी ३६ खांबांची आणि चौथी ४८ खांबांची होते. खांबाची उंची कायम असल्यामुळे प्रत्येक फेरीला परीघ सारखाच वाढावा लागतो. वाढ कमी पडली की तुकडा वाटीसारखा वळतो आणि जास्त झाली की त्याला चुण्या पडतात. टोपड्याचा माथा आपण याच नियमाने गोल वळवतो, आणि झालर याच नियमाने पाडतो. कॉर्नेल विद्यापीठातील गणिती डायना ताइमिना यांनी १९९७ मध्ये हीच वाढ कायम एका प्रमाणात ठेवून अतिपरवलयी प्रतल (हायपरबोलिक प्लेन, म्हणजे झालरीसारखा सगळीकडे चुण्या पडत जाणारा पृष्ठभाग) क्रोशाने विणून दाखवले, आणि कागदावर कळायला अवघड असणारी भूमिती विद्यार्थ्यांना हातात घेऊन पाहता आली. आपल्या घरातल्या झालरीत इतके गणित आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रवासासाठी क्रोशे इतका सोयीचा का, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. दोन सुयांच्या विणकामात एका वेळी पन्नास-शंभर टाके सुईवर उघडे असतात आणि सुई निसटली की सारी ओळ धोक्यात येते. क्रोशात उघडा असतो तो एकच टाका. स्टेशन आले तर तो थोडा लांब ओढून सुई काढून घ्यायची आणि काम पिशवीत टाकायचे. पुन्हा हातात घेताना काहीही शोधावे लागत नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या वेळेतही अर्धी फेरी होते, ती यामुळेच. पण मोठे काम असे कोठेही नेता येत नाही. अर्धा झालेला पलंगपोस मांडीवर घेऊन दुपारच्या लोकलमध्ये बसणे शक्य नाही, आणि मांडीवरून तो खाली डब्यात लोळू लागला तर मोतिया रंगाची दशा काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हिंडायचे ते तुकड्यांनी, घरी राहायचे ते पलंगपोसाने.

ही युक्ती माझी नाही, फार जुनी आहे. आयर्लंडमध्ये १८४५ नंतरच्या दुष्काळात क्रोशाची लेस हे अनेक कुटुंबांच्या पोटापाण्याचे साधन झाले, तेव्हा गुलाब, पाने, वेली असे सुटे नक्षीतुकडे घरोघरी विणले जात आणि ते मागाहून जाळीने एकत्र जोडले जात. आपल्याकडे आंध्र प्रदेशातील नरसापूरला आजही काम असेच चालते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटिश मिशनऱ्यांनी तेथे ही कला आणली, २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि या दोन टप्प्यांच्या मधली सगळी वर्षे ती जिवंत ठेवली ती गोदावरीच्या मुखाजवळच्या गावांमधल्या बायकांनी, घरकाम सांभाळून. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी आपली गोदावरी तेथे वसिष्ठ या शाखेच्या रूपाने अंतर्वेदीला समुद्रास मिळते, म्हणून भीमवरमहून नरसापूरला जाणाऱ्या गाडीत बसताना मला परक्या मुलखात चालल्यासारखे वाटले नाही.

तेथे ओसरीवर बसलेल्या बायकांचे काम मी बराच वेळ पाहत राहिले. फुले विणणाऱ्या बायका वेगळ्या आणि ती जोडणाऱ्या वेगळ्या. फुले विणणारीची नजर सुईवर नसते; ती मुलाकडे लक्ष देते, शेजारणीशी बोलते, मधेच उठून चुलीकडे जाते. जोडणारी मात्र उजेडाकडे तोंड करून, पुढ्यात सगळी फुले मांडून एकाग्र बसते, कारण जोड सैल पडला तर सारी मेजपोसाची कड वाकडी जाते. हे डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्या पलंगपोसाचे वेळापत्रक आपोआप ठरले. या बायकांना मजुरी नगावर मिळते आणि ती कामाच्या मानाने फारच थोडी असते, हेही येथे लिहिले पाहिजे. हातविणीची लेस विकत घेताना आपण भाव पाडतो, तेव्हा एका फुलात किती खांब असतात हे मोजून पाहावे. माझ्या साध्या षटकोनातच १२० आहेत.

आता साहित्याविषयी थोडे. एका षटकोनाला पाच ते सहा मीटर दोरा जातो, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री मी सात-सात मीटरच्या छोट्या गुंड्या करून ठेवते. मोठी गुंडी सोबत न्यावी लागत नाही, आणि कात्रीही लागत नाही, कारण उरलेला शेपटा तसाच ठेवून पुढे तोच जोडायला वापरता येतो. विमानप्रवासात याचा विशेष उपयोग होतो. सामानाच्या तपासणीचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात, ते आधी पाहून घ्यावेत. मी स्वतः बांबूची बोथट सुई नेते आणि कात्री कधीच नेत नाही. पावसाळ्यात कोकणाकडे जायचे असेल तर पोलादी सुई घरीच ठेवावी. दमट हवेत तिला गंज धरतो आणि मोतिया दोऱ्यावर उमटलेला तांबूस डाग धुऊन जात नाही. दोरा घेताना शेड क्रमांकाबरोबर लॉट क्रमांकही (एका वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा क्रमांक) जुळवून घ्यावा, आणि गडद रंग आधी पाण्यात बुडवून पाहावा.

कोकण रेल्वेच्या प्रवासात विणलेल्या षटकोनांची रास सर्वांत मोठी आहे. रत्नागिरीजवळच्या साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात डब्यातले दिवे बंद असले तरी काम थांबत नाही. खांब बोटांनी मोजता येतात, कोपरा बोटाला लागतो. एकदा कणकवलीकडे जाणाऱ्या एका आजींनी बराच वेळ पाहून सुई मागितली. "तू पेन धरतंस तशी धरतंस. आमी सुरी धरतव तशी धरूक शिकलाव," असे म्हणून त्यांनी बोलता बोलता एक हळदी षटकोन पुरा केला. रुखवतासाठी ताटावरचे रुमाल आणि दाराचे तोरण विणण्यात त्यांचे तरुणपण गेले होते. त्यांचा हात माझ्यापेक्षा घट्ट, त्यामुळे तो षटकोन माझ्या षटकोनांहून थोडा लहान भरला. जोडताना त्याच्या सहाही कडांना मुक्या खांबांची, म्हणजे आखूड टाक्यांची, एक फेरी घालून माप सारखे केले, आणि तो मधल्या पट्ट्यातच बसवला.

जोडकामासाठी मी दोन पद्धती करून पाहिल्या. शेवटच्या फेरीतच शेजारच्या तुकड्याला स्लिप स्टिचने, म्हणजे उंची नसलेल्या सरकत्या टाक्याने, अडकवत जाणे जलद होते, पण तेव्हा रंगांची मांडणी आधी पक्की लागते आणि तुकडे स्वतंत्र विणण्याची सोय जाते. दोन तुकडे उलट बाजूने जुळवून मुक्या खांबाने जोडणे संथ आहे, मात्र कड भक्कम येते आणि मांडणी शेवटपर्यंत बदलता येते. मी दुसरी पद्धत ठेवली. रविवारी सकाळी जमिनीवर चादर पसरून सगळे षटकोन मांडायचे, एकाच रंगाचे दोन शेजारी येत नाहीत हे पाहायचे, प्रत्येक ओळ दोऱ्यात ओवून तिला क्रमांकाची चिठ्ठी लावायची आणि आठवडाभर रात्री जेवणानंतर एक-एक ओळ जोडायची, असा क्रम बसला आहे. घरातल्यांनाही आता रविवारची ती चादर ओलांडून जाण्याची सवय झाली आहे.

तुकड्यांनी काम किती वाढू शकते याचे उदाहरण चेन्नईत घडले. 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाच्या बायकांनी आपापल्या घरी विणलेल्या चौकोनांचे, जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरचे पांघरूण जोडून जागतिक विक्रम केला. त्यापुढे माझा पलंगपोस काहीच नाही, पण रीत तीच आहे.

आता दोन्ही बाजूंचे पट्टे राहिले आहेत. त्यांतल्या डाव्या पट्ट्याचे षटकोन तयार आहेत आणि उजव्याचे निळे कमी पडतात. ते पुढच्या महिन्यातल्या गोव्याच्या प्रवासात होतील, गुंड्या करून ठेवल्या आहेत. षटकोनांच्या कडा दातेरी येतात, म्हणून डोक्याच्या आणि पायाच्या बाजूला अर्धे षटकोन भरायचे आहेत. ते फेऱ्यांनी न विणता ओळींनी, काम उलटवून विणावे लागतात आणि त्यामुळे त्यांचा पोत किंचित वेगळा दिसतो. तेव्हा आधी एका कोपऱ्यात दोन अर्धे बसवून पाहीन आणि ते नजरेला खटकले तर दातेरी कड तशीच ठेवून तिच्यावर मुक्या खांबांच्या दोन फेऱ्या घालीन.