माल पास, तरी गाडी परत

2024-25 च्या सीझनची गोष्ट आहे. यवतमाळकडच्या एका जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यावर, हमीभावाची कापूस खरेदी चालू होती आन् मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचो, सातबारा पाहा, आधार पाहा, टोकन द्या, दिवसभर हेच.

एक काका पिकअपमध्ये पंधराएक क्विंटल घेऊन आले. ग्रेडरनं चार ठिकाणी मीटर खुपसलं, ओलावा 9 टक्के. नियम असा की 8 पर्यंत पूर्ण भाव, मग 12 पर्यंत भावात कट्टी, त्याच्यावर गेला की माल रिजेक्ट. लांब धाग्याचा हमीभाव 7521 होता, म्हणजे काकांना थोडं कापून साडेसात हजाराच्या आसपास पडले असते. लोक 13-14 आला तरी घ्या म्हणून हातापाया पडतात आन् या माणसानं मोबाईल काढला, मीटरच्या आकड्याचा फोटो घेतला आन् ड्रायव्हरला म्हणे, घे रे गाडी मांगं. ग्रेडर भडकलाच, टाइमपास करायला येता का म्हणे.

मी टपरीवर गाठलं त्यांना. काका, काहून?

"आमच्या व्यापाऱ्याले दरसाली आपला कापूस ओलाच दिसते. मुठीत दाबते आन् म्हणते सहा हजार आठशे. आता दाखोतो त्याले फोटो."

पण मग त्यालेच काहून देता?

"तुमचे पैसे खात्यात येतीन तवा येतीन. उद्या बाजार हाय, बायांची वेचणी द्या लागते, किलोले दहा रुपये. जूनमंदी बी-खत त्यानंच देल्लं. माय पडली तवा रातच्या दोन वाजता पैसे कोनं देल्ले, तुह्या कॉम्प्युटरनं?"

मी बीए इकॉनॉमिक्स, पण डोक्यात लाइट तेव्हा पेटला. माल कसा आहे हे एकाच पार्टीला नीट माहीत असलं की बाजार कसा बिघडतो हे जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणावरून मांडलं, 2001 मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं, स्पेन्स आन् स्टिग्लिट्झसोबत. इथं तर कापूस किती वाळलाय हे काकांना पक्कं माहीत, पण पुरावा नाही, म्हणून मूठ सांगल ते खरं. तो पुरावा काका आमच्याकडून फुकटात घेऊन गेले. आन् कमी भावाचं म्हणाल तर तो निव्वळ कापसाचा भाव नाहीच, त्यात बियाण्याचं व्याज आहे, नगदीची किंमत आहे आन् रात्रीच्या दोनचा विमा आहे, हप्ता तेवढा कापसातून कटते. आपण लांबून पाहतो आन् शेतकऱ्याला हिशोब कळत नाही म्हणतो.

व्यापारी लय देवमाणूस असंही नाही हं. गावात उधारी देणारा तो एकटाच, म्हणून हप्ता किती कापायचा तेही तोच ठरवते, वहीत कुठं लिहिलेलं नसते.

संध्याकाळी काका रिकामी गाडी घेऊन परत आले, मला वाटलं ग्रेडरशी भांडायला आले. सात हजार एकशे भेटले म्हणे, वरून चहा पण पाजला त्यानं. मग खिशातून कागद काढून विचारते, पुढचं टोकन कवा भेटन? म्हटलं आता काय फक्त ओलावा मोजायला? तर म्हणे नाही रे, संक्रांतीनंतरच्या वेचणीचा माल इथंच घालतो, त्याचं खातं आज नील झालं.