पॅरिसमधलं मुखदर्शन

आधीच सांगून टाकतो, पॅरिसहून मी खट्टू होऊन परत आलो. हे वाचून "मग सर, जायचं की नाही?" असं कुणी विचारेल. जा. पण मी ज्या चुका केल्या त्या करू नका, म्हणून हे लिहितोय.

कोल्हापूरजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी ३३ वर्षं चित्रकला शिकवली. ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर मोनालिसाचं एक छापील चित्र होतं, कुठल्याशा कॅलेंडरमधून कापलेलं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन खाऊन खाऊन त्यातला लाल-पिवळा उडाला आणि बाई निळसर पडली होती. दरवर्षी आठवीच्या पोरांना मी सांगायचो, "कुठल्याही बाकावर बसा, ती तुमच्याकडेच बघते." पोरं बाक बदलून बदलून खात्री करून घ्यायची. निवृत्तीनंतर खरी बघायची हे ठरलेलं होतं. मे २०२० ची तिकिटंही काढली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. नंतर हिचं गुडघ्याचं दुखणं निघालं. शेवटी मे २०२५ मध्ये आम्ही दोघं निघालो, सोमवार ते रविवार.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाची (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या) मूळ फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट लवकर भरतात, त्यामुळे जानेवारीतच हालचाल करा. हिशेबाला एका युरोचे शंभर रुपये धरा, म्हणजे डोकं शांत राहतं. शांत म्हणजे काय, कॉफी पिताना दर वेळी गुणाकार होतोच.

पहिली चूक विमानतळावरच झाली. आरईआर बी ही लोकल थेट शहरात नेते. यंत्रासमोर रांग, मागचे लोक उसासे टाकतायत, त्या गडबडीत मी १३-१३ युरोंची दोन तिकिटं काढली. येताना १३, जाताना १३, शिवाय शहरात मेट्रोचं प्रत्येक तिकीट अडीच युरोंचं. दोन दिवसांनी कळलं की आठवड्याचा 'नाविगो' पास माणशी साधारण ३२ युरोंत मिळतो आणि त्यात मेट्रो, बस, विमानतळाची लोकल सगळं येतं. कार्डाचे पाच युरो वेगळे आणि एक छोटा फोटो लागतो, तो इथूनच घेऊन जा. हा पास कुठल्याही दिवसापासून सात दिवस नसतो, तो सोमवार ते रविवार असाच चालतो. आम्ही सोमवारी उतरलो होतो! शुक्रवारी किंवा शनिवारी पोचणार असाल तर मात्र परवडत नाही.

मेट्रो १९०० सालापासून धावते आहे, आणि जिने त्या काळातल्या माणसांच्या गुडघ्यांना बघून बांधलेत. १४ नंबरची लाइन नवी आहे, तिथे सगळीकडे लिफ्ट. बाकी ठिकाणी चढा आणि उतरा. बोगद्यांतून लघवीचा वास येतो, आणि तो वास पॅरिसमध्ये येतो यावर हिचा पहिले दोन दिवस विश्वासच बसेना. मंगळवारी मेट्रोत दोन कोवळ्या मुलींनी आमच्याभोवती गर्दी केली आणि पुढच्या स्टेशनला उतरल्या तेव्हा हिच्या पर्समधले ४० युरो त्यांच्याबरोबर उतरले. पासपोर्ट पोटाशी होता म्हणून वाचलो. तिसऱ्या दिवसापासून आम्ही बसने फिरलो. जिने नाहीत, खिडकीतून शहर दिसतं, आणि ज्येष्ठ माणूस बघून जागाही देतात. साठीच्या पुढच्यांनी बसच धरावी.

आता लूव्र, मोनालिसा जिथे आहे ते संग्रहालय.

मंगळवारी ते बंद असतं, एवढं मुलाला माहीत होतं. त्याने बंगळुरूत बसून बुधवारी सकाळी ११ ची वेळ काढून दिली. तेव्हा तिकीट २२ युरो होतं. जानेवारी २०२६ पासून आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या लोकांना ३२ आहे. दारावरच्या काचेच्या पिरॅमिडखालून आत गेलो आणि माणसांच्या प्रवाहात पडलो. बाण बघायची गरज नाही, सगळा प्रवाह एकाच खोलीकडे जातो. त्या खोलीत नागमोडी रांग, दोऱ्या, आणि पुढे उभे असलेले रखवालदार हातवारे करून लोकांना बाजूला काढतायत. भाषा फ्रेंच, पण अर्थ मला लगेच कळला. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात जे ऐकतो तेच, "चला, चला, पुढे चला, मागच्यांना बघू द्या." फरक एवढाच की अंबाबाईकडे कुणी पाठ करून उभं राहत नाही. इथे पुढच्या ओळीतली निम्मी माणसं चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत होती.

चित्र लहान आहे अशी तक्रार सगळे करतात. माझी ती नाही. ७७ बाय ५३ सेंटिमीटर हे माप मी फळ्यावर लिहून देत होतो. माझी तक्रार वेगळी आहे. लिओनार्दोने कडा विरघळवल्या, ओठांच्या कोपऱ्यात रेषाच ठेवली नाही, हे मी मुलांना बोटाने पेन्सिल घासून शिकवलं. ते बघायला गेलो होतो. काचेआड, कठड्याच्या अलीकडून, सत्तर-ऐंशी मोबाइलच्या वरून त्यातलं काहीही दिसत नाही. दिसते एक तपकिरी-हिरवट बाई आणि काचेत छताच्या दिव्यांचं प्रतिबिंब. आणि नजर? ती पाठलाग करते का बघायला बाजूला सरकावं लागतं. सरकायला जागा नव्हती. पाऊण मिनिटात मला बाजूला काढलं. मुखदर्शन झालं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "तुमच्या हॉलमधली बरी होती." मी काही बोललो नाही, कारण मलाही तेच वाटत होतं आणि त्याचाच राग आला होता.

तर तुम्ही काय करायचं? बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री ९ पर्यंत उघडं असतं. संध्याकाळची वेळ घ्या आणि त्या खोलीत शेवटी जा. आत गेल्यावर एकदा मागे वळा. समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, लूव्रमधलं सर्वांत मोठं. नेपोलियनच्या फौजेने १७९७ मध्ये व्हेनिसहून उचलून आणलेलं. शंभराच्या वर माणसं, वाजवणारे, वाढपी, कुत्री, मांजर. खोलीतल्या एवढ्या गर्दीतून त्याच्याकडे बघणारे आम्ही चारजण असू. आणि दाराबाहेरच्या लांब दालनात लिओनार्दोचीच आणखी चित्रं साध्या भिंतीवर टांगलेली आहेत. संत जॉन, संत अ‍ॅन, खडकांमधली माता. संत जॉनच्या खांद्याची कड मी वीतभर पुढे वाकून बघितली. अंधारातून मांस कसं वर येतं आणि कुठे सुरू होतं ते सापडत नाही. मला जे बघायचं होतं ते तिथे होतं. पाऊण तास उभा होतो, ही बाकावर बसून पाय चोळत होती. पण खरं सांगू, मन तोवर उतरलं होतं. जत्रेत पाकीट मारलं गेल्यावर पुढचा तमाशा रंगत नाही, तसं.

आयफेल टॉवरबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. मंगळवारी गेलो. ३३० मीटर उंच, १८८९ चा, भोवती आता काचेची संरक्षक भिंत. तिकीट असलं तरी तपासणीच्या दोन रांगा. वर वारा. खालून, त्यातही नदीपलीकडच्या त्रोकादेरोवरून, जास्त चांगला दिसतो आणि ते फुकट. अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो. पण मे महिन्यात सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे दहापर्यंत जागायची तयारी ठेवा. तिथे तीन वाट्यांखाली गोळी लपवून पैजा लावणारे बसलेले असतात. भोवती जिंकणारी माणसं त्यांचीच असतात. आपल्याकडच्या यात्रांत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण आमच्याच विमानातले एक गृहस्थ तिथे शंभर युरो घालवून उभे होते.

गुरुवारी पाँपिदू केंद्रात, म्हणजे आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेलो, रझांसाठी. चित्रकार सय्यद हैदर रझा नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले आणि पुढची साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले. २०२३ मध्ये याच केंद्राने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं. ते हुकलं, निदान कायमच्या संग्रहात एखादं भेटेल अशी आशा. दाराशी कळलं की दुरुस्तीसाठी तो संग्रह मार्चमध्येच बंद केला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये अख्खी इमारत बंद झाली, आता ती २०३० शिवाय उघडायची नाही. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा तो प्रश्नच नाही. पण धडा घ्या, कुठल्याही संग्रहालयाचं संकेतस्थळ निघायच्या आदल्या दिवशी स्वतः बघा. मुलावर सोपवू नका.

त्यात चार वाजलेले आणि पोटात कावळे. पॅरिसची बहुतेक स्वयंपाकघरं अडीचच्या सुमारास बंद होतात ती सातला उघडतात. मधल्या वेळेत बेकरी गाठायची. पाव मात्र असा की त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. शाकाहाऱ्यांनी मारे भागातल्या रोझिए गल्लीत फलाफल (चण्याचे तळलेले वडे) खावं. हॉटेलात पाण्याची बाटली मागू नका, "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट आणतात. रस्त्यावर हिरवे लोखंडी कारंजे दिसतात, त्यांचंही पाणी पिण्याचं असतं. आणि दुकानात शिरताना आधी "बोंजूर". ते न म्हणता थेट विचारलं तर समोरचा असं बघतो, जणू आपण चपला घालून देवघरात गेलो.

त्या संध्याकाळी ऑर्से. गुरुवारी ते पावणेदहापर्यंत उघडं असतं. १९०० चं रेल्वे स्टेशन, १९८६ पासून संग्रहालय. इथेच काय ते माझं पॅरिस झालं. व्हॅन गॉगचं ओव्हेरच्या चर्चचं चित्र मी पुस्तकांत पन्नास वेळा पाहिलंय, आणि एकदाही पाहिलेलं नाही. निळा रंग भिंतीला गिलावा करावा तसा थापलाय. बाजूने बघितलं तर रंगाच्या वरंब्यांची सावली पडते. ही गोष्ट कुठल्याच छापखान्यात येत नाही. मी तेहतीस वर्षं पोरांना त्याची सपाट चित्रं दाखवून "जोरकस फटकारे" असं सांगत आलो, ते आठवून जरा शरम वाटली.

शुक्रवारी माँमार्त्र. टेकडी चढायला फनिक्युलर, म्हणजे उतारावर चढणारी छोटी रेल्वे आहे, मेट्रोचंच तिकीट चालतं. पायऱ्यांशी मनगटाला दोरा बांधणारे उभे असतात. हात खिशात ठेवा, बांधला की पैसे. वरच्या तेर्त्र चौकात चित्रकार बसतात हे ऐकून होतो. बसतात. मी तासभर मागे उभा राहून बघितलं. एक जण सगळ्यांना तेच डोळे काढत होता, वर पापण्यांचे सात फटके, खाली तीन. जपानी मुलगी असो की अमेरिकन आजोबा. आधी डोळे, मग ते ज्याचे असतील त्याचा चेहरा. एकाने हिला गाठलं, "मादाम, पोर्ट्रेट?" ही माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "सांगा त्याला, घरात एक आहे. चाळीस वर्षांत एकदा काढलं नाही."

(जपानी प्रवाशांना पॅरिस पाहून बसणाऱ्या धक्क्याला तिथल्या एका मानसोपचारतज्ज्ञाने 'पॅरिस सिंड्रोम' असं नाव दिलंय. मुलाने फोनवर वाचून दाखवलं. मला त्याने बरं वाटावं अशी त्याची अपेक्षा होती.)

शनिवारी नोत्र दामचं कॅथेड्रल. २०१९ च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेलं. प्रवेश फुकट, रांग मोठी दिसते पण पुढे सरकते. आतला दगड धुऊन इतका पांढरा केलाय की नव्या वास्तूत आल्यासारखं वाटतं. पैसे वाचवायचे असतील तर पेती पाले आणि कार्नाव्हाले या नगरपालिकेच्या संग्रहालयांचे कायमचे संग्रह फुकट आहेत. आम्हाला हे शनिवारी दुपारी कळलं.

रात्री ला शापेलला गेलो, आमच्या हॉटेलपासून चालत दहा मिनिटं. श्रीलंकेतल्या तमिळांची वस्ती. साड्यांची दुकानं, केळीची पानं, अगरबत्तीचा वास, गणपतीचं देऊळ. उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा रथ रस्त्यावर निघतो. डोसा कुरकुरीत होता, सांबार तिखट. आठवड्यात पहिल्यांदा ही पोटभर जेवली. मी वही काढली. १२० पानांची कोरी वही नेली होती, सात दिवसांत नऊ पानं भरली. त्यातली सहा मेट्रोत आणि बसमध्ये डुलक्या घेणाऱ्या माणसांची, दोन पावांची, आणि एक त्या डोसेवाल्याचं. ते पान बघून ही म्हणाली, "याला बरा वेळ मिळाला."