तुम्ही विचारलंत म्हणून: कॉलेजच्या फुटबॉलवर एवढा जीव का?

"कॉलेजच्या पोरांची मॅच, त्यात रडण्यासारखं काय गं?" पुण्याहून ताई दर फोनला विचारते, इथे सिएटलला नवीन आलेली मराठी मंडळीही विचारतात, म्हणून एकदा नीट लिहिते.

लेक युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनला होती, तिच्यामुळे मी हस्कीजच्या, म्हणजे त्यांच्या टीमच्या, अमेरिकन फुटबॉलच्या (लांबट बॉल हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा तो खेळ) मॅचेस बघायला लागले आणि 2023 च्या सीझनने मला पार वेड लावलं. तो पॅक-12 कॉन्फरन्सचा जुन्या रूपातला शेवटचा सीझन. कॉन्फरन्स म्हणजे कॉलेजांची भावकीच हो, दरवर्षी एकमेकांशी भिडायचं आणि पुढच्या वर्षी परत त्यांच्याच दारात जायचं. हिची मुळं 1915 पर्यंत जातात. पण टीव्हीच्या पैशांवरून फाटलं. यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन कॉलेजांनी 2022 मध्येच जायचं जाहीर केलं होतं, मग 4 ऑगस्ट 2023 ला एका दिवसात पाच कॉलेजं निघाली, त्यात आमचंही. शेवटी मागे उरली दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

आणि नेमकी त्याच वर्षी आमची टीम हरेचना. डावखुरा मायकल पेनिक्स काय बॉल फेकायचा! ऑक्टोबरमध्ये ओरेगन युनिव्हर्सिटीला 36-33 हरवलं तेव्हा माझा घसा बसला होता.

25 नोव्हेंबरला ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन स्टेटशी मॅच. माझी शेजारीण तिथली, त्यांच्या रंगाचं किरमिजी जॅकेट घालून माझ्या बाजूलाच बसलेली. स्कोअर 21-21, जेमतेम मिनिटभर उरलेलं. या खेळात चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे जायचं असतं, नाही जमलं तर बॉल समोरच्यांना. आमचा चौथा प्रयत्न, एक यार्ड हवं, आणि आम्ही आपल्याच 29 यार्डच्या लाइनवर, म्हणजे बॉल गेला तर समोरच्यांना गुण अगदी जवळ. अशा वेळी बहुतेक जण किक मारून बॉल लांब घालवतात, पण आमचे तेव्हाचे कोच केलन डीबोअर यांनी तो प्रयत्न खेळायचंच ठरवलं. रोम ओडुन्झे बॉल घेऊन वळसा मारून कडेने जो सुटला तो 23 यार्ड! मग अगदी शेवटच्या क्षणी ग्रेडी ग्रोसची 42 यार्डांवरून किक थेट खांबांमधून, तीन गुण, 24-21. हा पोरगा स्कॉलरशिपशिवाय खेळत होता, कोचनी लॉकर रूममध्येच स्कॉलरशिप जाहीर केली आणि अख्खी टीम त्याच्यावर तुटून पडली. तो व्हिडिओ मी आजही बघते.

रडू आलं ते शेजारणीमुळे. सगळे नाचतायत आणि ती तशीच बसून, म्हणाली, "आता पुढच्या वर्षी आम्ही खेळायचं कुणाशी?" मला काही बोलताच येईना.

आम्ही कॉन्फरन्समध्ये 9-0 राहिलो, म्हणजे नऊच्या नऊ मॅचेस जिंकलो, लास वेगासला ओरेगनला परत 34-31 हरवून कॉन्फरन्सची ट्रॉफी आणली, टेक्ससला हरवून देशाच्या फायनलला गेलो, तिथे मिशिगनने 34-13 हरवलं. पुढच्या वर्षापासून आमची नवी कॉन्फरन्स बिग टेन, म्हणजे रटगर्स कॉलेजशी खेळायला पार न्यू जर्सीला. मला ते अजून आपलं वाटत नाही.

ॲपल कप मात्र दोन्ही कॉलेजांनी सोडला नाही, कॉन्फरन्सबाहेरची मॅच म्हणून ठेवलाय. सप्टेंबर 2024 ला सिएटलच्या ल्युमेन फील्ड स्टेडियमवर वॉशिंग्टन स्टेटने आम्हाला 24-19 हरवलं. शेजारीण तेच जॅकेट घालून आली होती. मॅच संपल्यावर तिने माझा हात घट्ट धरला, तो पार्किंगपर्यंत सोडला नाही.