कन्नड घाट, मामा आणि नूटल

मला गाडी मामांनी शिकवली. पंचवीस वर्षं त्यांनी चाळीसगाव-कन्नड काळीपिवळी चालवली. घाटातलं कोणतं वळण फसवं आहे, हे ते डोळे मिटून सांगतील. शिकवणीच्या तिसऱ्याच दिवशी आम्ही कन्नडहून घाट उतरत होतो, तेव्हा त्यांनी गेरच्या दांड्यावरचा माझा हात बाजूला केला आणि गाडी न्यूट्रलला टाकली, म्हणजे कुठलाच गेर नाही. मामा त्याला ‘नूटल’ म्हणतात. ‘उतारवर गाडी फुकट चालस, माय. कसाले पेट्रोल जाळस?’

मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी पुढची चार वर्षं मी हेच करत राहिले. मामांच्या शब्दावर शंका घेण्याचं कधी मनातच आलं नाही.

मग २०१९ च्या दिवाळीत आम्ही पाच जण आणि डिकी भरून सामान घेऊन उतरत होतो. गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवर. निम्म्या घाटात आधी वास आला, तव्यावर काहीतरी करपल्यासारखा. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पॅडल मऊ लागलं आणि जवळजवळ खालपर्यंत गेलं. मामा शेजारी बसले होते. ते ओरडले, ‘गेर! गेर टाक!’ मी तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन मोठ्याने ओरडलं आणि गाडी आवरली. कठड्याला लागून थांबलो तेव्हा मागे बसलेल्या माझ्या मुलीला काही कळलंसुद्धा नव्हतं. माझे पाय मात्र पंधरा मिनिटं थरथरत होते.

चाळीसगावच्या मेकॅनिकने ब्रेक ऑइल, म्हणजे पॅडलचा दाब नळीतून चाकापर्यंत नेणारं तेल, काढून दाखवलं, चहासारखं काळं झालेलं. ते हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या वर उकळतं, पण पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं आणि चाकाला काहीच पोचत नाही.

घरी येऊन मी गणित मांडलं. माणसांसकट गाडी बाराशे किलो, उतार तीनशे मीटर धरला, तर जवळजवळ ३५ लाख ज्यूल ऊर्जा होते. एवढ्यात साधारण दहा लिटर पाणी उकळेल. न्यूट्रलला उतरताना ही बहुतेक सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकवर पडते. गेरमध्ये असलो की तिच्यातला मोठा वाटा इंजिन खातं. ‘ज्या गेरमध्ये चढाल, त्याच गेरमध्ये उतरा’ ही ड्रायव्हर लोकांची जुनी म्हण आहे. मामांनाही ती पाठ होती. पण ती ट्रकवाल्यांसाठी आहे, असं ते समजत होते.

राहिला प्रश्न पेट्रोलचा, कारण मामांचा सगळा जीव तिथेच होता. भाच्याने गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या खाचेला, एक छोटं यंत्र लावून दिलं. ताशी किती लिटर इंधन जातंय ते त्यावरून मोबाईलवर दिसतं. मी मामांना शेजारी बसवलं आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. घाटात तिसऱ्या गेरमध्ये ॲक्सिलेटरवरून पाय काढला, आकडा शून्य. सरळ पट्ट्यावर, मागेपुढे कोणी नसताना, काही सेकंद न्यूट्रल केलं, आकडा ०.७. पुन्हा गेर टाकला, पुन्हा शून्य. मामांनी तीनदा करायला लावलं.

कारण सोपं आहे. गेरमध्ये असताना उतारच चाकांमार्फत इंजिन फिरवतो, त्यामुळे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संगणक इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे नळ, बंद करतो. फेरे खूप कमी झाले की ते पुन्हा सुरू होतात. न्यूट्रलमध्ये इंजिनचा चाकांशी संबंधच तुटतो, मग बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल प्यावंच लागतं. वीस मिनिटांच्या उतारात पाव लिटरच्या आतच जातं, पण जातं. न्यूट्रलने वाचत काहीच नाही.

मामांचंही अगदी चुकलं असं मी म्हणणार नाही. ते शिकले पेट्रोलच्या ॲम्बेसिडरवर, आणि ती कार्बोरेटरची गाडी, म्हणजे इंजिन हवेबरोबर पेट्रोल आपणच ओढून घेणार, संगणक नाही. तिथे पाय काढला तरी वेगाने फिरणारं इंजिन पेट्रोल ओढत राहायचं, त्यामुळे न्यूट्रलचा हिशोब जमत असे. पुढे डिझेलची जीप आली, तिच्या पंपातला गव्हर्नर (इंजिनच्या वेगानुसार डिझेल कमीजास्त करणारा भाग) उतारावर डिझेल तोडायचा, पण सवय तीच राहिली. आता तर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे कडक नियम आल्यावर मोटरसायकलीसुद्धा बहुतेक इंजेक्शनच्याच आहेत. अगदी हलक्या, लांब उतारावर, जिथे गेरमध्ये गाडी मंदावून पुन्हा ॲक्सिलेटर द्यावा लागतो, तिथे न्यूट्रलने थोडंफार वाचू शकतं. घाट म्हणजे तसा उतार नव्हे. तिथे ब्रेक लागणारच.

चावी बंद करून उतरणारेही मी पाहिलेत. त्यांना हात जोडून सांगते, असं करू नका. ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, इंजिनच्या जोरावर चालतो. दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठवलेला जोर संपतो आणि पॅडल दगडासारखं घट्ट होतं. पॉवर स्टेअरिंग जातं. चावी पूर्ण फिरली तर स्टेअरिंगच लॉक होतं.

ट्रकचं तर आणखी कठीण. हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद फिरतं, टाकीत हवा हळू भरते आणि प्रत्येक ब्रेकला ती खर्च होत राहते. शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ ४ जुलै २०२३ ला ब्रेक निकामी झालेला ट्रक महामार्गावरच्या गाड्यांना ठोकरत हॉटेलात घुसला. ते फोटो पाहिल्यावर मला त्या दिवाळीतलं मऊ पॅडल पायाखाली जाणवलं होतं.

मामांचा धाकटा सुरत मार्गावर ट्रक चालवतो. कोंडाईबारी घाट त्याचा नेहमीचा. मोबाईलवरचा शून्य पाहिला त्या दिवशी मामा बराच वेळ गप्प होते. घाट उतरून आम्ही खाली चहाला थांबलो. कप तसाच ठेवून त्यांनी आधी त्याला फोन लावला. ‘कथा शे रे? आयक. उतारवर नूटल करू नको. गेरमाच ऱ्हाऊ दे.’