अधू, लंगडी, पांगळी

"बाई, तुम्ही जन्मभर मराठी शिकवलीत आणि स्वतःला 'पांगळी' म्हणता? दिव्यांग म्हणा ना." जुन्या विद्यार्थिनी विचारतात, भाचेसून विचारते, परवा व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीनेही विचारलं. दर वेळी मी विषय बदलते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

आधी शब्दांचं. लंगडा चालतो, झोक जात का होईना, पण चालतो. लुळा म्हणजे जोर गेलेला, मग तो हात असो की पाय. थोट्याला हात नसतो. पांगळ्याला चालताच येत नाही. संस्कृतातला पंगु तोच. आमच्या कोरेगावकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे शब्द कधी एकमेकांच्या जागी यायचे नाहीत.

मला 1970 साली, दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. ताप भरला, डॉक्टरांनी सुई दिली, दुसऱ्या दिवशी डावा पाय उचलेना. "सुईनं पाय गेला," असं आई कायम म्हणायची आणि मी शिकलेली लेक तिला विषाणू समजावून सांगायचे. पुढे वाचनात आलं की पोलिओच्या तापात स्नायूत सुई दिली तर त्याच अवयवाचा लकवा बळावू शकतो. आई अगदीच चुकीचं बोलत नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही.

आईचा शब्द 'अधू'. "पोरगी पायानं जरा अधू आहे." सर्टिफिकेटवर 'पीपीआरपी', म्हणजे पोलिओनंतर उरलेला लकवा. आणि मी लंगडी. आठवीत असताना एसटीत कंडक्टर म्हणाला, "त्या पांगळ्या पोरीला बसू द्या." मी म्हटलं, मी पांगळी नाही, आणि पायाला बांधलेल्या कॅलिपरच्या आधारावर साताऱ्यापर्यंत उभी राहिले. त्या मुलीचा मला अजूनही अभिमान वाटतो. आज ती समोर आली तर माझ्याशी कडाकडा भांडेल.

पंचेचाळिशीनंतर उजवा, चांगला पायही दमू लागला. पोलिओत मेलेल्या चेतापेशींचं काम उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून ओढतात आणि काही दशकांनी त्याही थकतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला, त्यानंतर दोन वर्षांनी मी खुर्चीत बसले.

2019चा श्रावण. आई ब्याऐंशीची. माझी खोली लहान, म्हणून चाकाची खुर्ची रात्री बाहेरच्या खोलीत असायची. सकाळी आंघोळ आटोपली की आई ती ढकलत माझ्या पलंगापाशी आणायची. त्या सकाळी आधी बादली वाजली, मग आईचा आवाज आला, "पडले गं."

मी 108ला फोन लावला. आमची किल्ली खालच्या काकूंकडे असते, त्यांना लावला. त्या मंडईत होत्या, निघते म्हणाल्या. त्या येईपर्यंत अर्धा तास आम्ही दोघी भिंतीच्या अल्याडपल्याड बोलत होतो. मी विचारत होते, दुखतंय का, डोकं आपटलं का. ती म्हणत होती, "तू उतरू नकोस. ओलं आहे, पडशील." मग ती बोलायची थांबली. मी हाका मारत राहिले. मधेच एकदा "हूं" आलं.

मी उतरले नाही. लहानपणी अख्खं घर मी रांगत फिरलेली आहे. आतून कडी होती, असं मी नंतर दोघातिघांना सांगितलं. कडी नव्हती. आईने कडी लावू नये असा नियम मीच घातला होता. आपणही खाली अडकलो तर दोघींना कोण उचलणार, असं वाटलं, हे खरं आहे. भीती वाटली, हेही खरं आहे.

काकू आल्या. आईला त्या अवस्थेत पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अहो, ताई घरातच होत्या ना? त्या कशा आल्या नाहीत?" खुब्याचं हाड मोडलेली माझी आई ओल्या फरशीवरून म्हणाली, "ती पांगळी आहे गं बाई. ती कशी येईल?"

एकावन्न वर्षांत तो शब्द तिने माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. पुढे सात महिन्यांनी ती गेली, तोवर पुन्हा वापरलाही नाही. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून तिने तो एकदाच उच्चारला.

'दिव्यांग' शब्द 2015च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवला, पुढे कायद्याच्या नावातही आला. माझ्या मैत्रिणींना तो आवडतो आणि मी कुणाला अडवत नाही. मुलींना शिकवताना मीही अरुणाची गोष्ट रंगवून सांगायचे: विनतेने अंडं अवेळी फोडलं, म्हणून मांड्यांवाचून जन्मलेला, अनूरु, तरी सूर्याचा रथ हाकणारा; आणि त्याच्या नावाने भल्या पहाटे झाडावरून दान मागणारे पांगुळ. त्या सकाळनंतर मला ती गोष्ट सांगता येत नाही. त्याचा रथ त्याच्यापाशी असतो.

आई गेल्यावर एका दुपारी, घरात कुणी नसताना, मी पलंगावरून खाली घसरले आणि कोपरांवर सरपटत न्हाणीघरापर्यंत गेले. अकरा मिनिटं लागली. परत पलंगावर चढता आलं नाही, संध्याकाळी काकूंनी उठवलं. पण पोचले.

म्हणजे आई म्हणाली ते खरं होतं का? एसटीतली मुलगी म्हणेल, नाही. मला उठवताना काकूंनी काही विचारलं नाही, तुम्ही मात्र विचारता. मी पांगळीच म्हणते.